फॉरमॅट मारण्याआधी

‘विंडो उड़ गई है भिया, फॉर्मेट मारना पड़ेगा.’ बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन इंदुरातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलं की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य कानावर पडतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. फॉरमॅट करून नवं विंडोज टाकणं हे त्याच्या दृष्टीने थोड्या वेळाचं, हमखास यशाचं काम. बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. पण फॉरमॅटमध्ये विंडोजबरोबर नातवाच्या बारशाचे फोटो, सोसायटीचे हिशोब आणि कुलवृत्तांतासाठी जमवलेली वंशावळही पुसली जाते. ते नुकसान दुकानदाराचं नसतं.

मुलं पुण्या-बंगळुरूला गेली आणि मागे आई-वडील व एक जुना असेंबल केलेला डेस्कटॉप उरला, अशी घरं इंदूरच्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर भागात बरीच आहेत. तिथून मला अधूनमधून ‘निळा पडदा आलाय, आता काय?’ असे फोन येतात. त्या फोनवर जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर सांगतो. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे.

काय मोडतं, काय मोडत नाही

डिस्कवर विंडोजचा स्वतःचा पसारा ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरात असतो. तुमचा पसारा ‘यूजर्स’ फोल्डरात, तुमच्या नावाखाली: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. दोन्ही बहुधा सी ड्राइव्हवरच, पण वेगवेगळ्या खान्यांत.

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायॉस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो डिस्कच्या एका छोट्या लपलेल्या भागातून विंडोजचा बूट मॅनेजर उचलतो. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा मेमरीत आणतो, गाभा रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची वही, वाचतो आणि ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, चालू करतो, मग लॉगिनचा पडदा दिसतो. एवढ्या सगळ्यात तुमच्या फोटोंना कुणी हातही लावत नाही. मधली एक फाइल खराब झाली तरी पुढचं सगळं अडतं आणि मशीन ‘मेलं’ असं वाटतं. रामबागेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना कोसळला म्हणून माडीवरच्या कपाटातले दागिने जात नाहीत. वर चढायला दुसरीकडून शिडी लावावी लागते, इतकंच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरत्या विंडोजमध्ये, जायचं, त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरातली एक फाइल पुसायची, मशीन पुन्हा चालू करायचं. फॉरमॅटची गरज नव्हती.

घरगुती मशीनची कारणं याहून साधी असतात. अपडेट चालू असताना वीज जाते. कुणीतरी इंटरनेटवरून फुकटचा ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवतो. हार्ड डिस्क म्हातारी होते. आणि एक कारण असं आहे की त्यात विंडोजचा काडीचाही दोष नसतो, तरी त्यापायी मशीन फॉरमॅट होतात. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा गोल सेल असतो. तो संपला की मागचा स्विच बंद करताक्षणी बायॉसच्या सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात. तारीख कित्येक वर्षं मागे जाते. त्याबरोबर बूट करण्याची किंवा डिस्कशी बोलण्याची पद्धतही बदलली, तर पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं येतं. विंडोज जिथल्या तिथे असतं, फक्त मदरबोर्ड त्याला चुकीच्या दाराने शोधत असतो. म्हणून जुना डेस्कटॉप अडला की आधी बायॉसमध्ये जाऊन तारीख पाहा. तारीख चुकलेली असेल तर सेल बदला आणि बूटच्या सेटिंग्ज पूर्वीसारख्या करा. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

डिस्क धड आहे का?

हा प्रश्न पहिला, कारण पुढचं सगळं याच्या उत्तरावर ठरतं. डिस्क धड असेल आणि फक्त विंडोज बिघडलं असेल, तर घाई नाही, चार प्रयोग करता येतात. डिस्कच मरत असेल तर प्रत्येक प्रयोग तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो.

फिरणारी हार्ड डिस्क जायला आली की बरेचदा आवाजाने सांगते: टक, टक, टक, मग शांतता, मग पुन्हा टक. असा आवाज आला तर मशीन बंद करा. ‘एकदा रिस्टार्ट करून बघू’ हे करू नका. एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली नव्या प्रकारची डिस्क, मात्र आवाज करत नाही. एक दिवस बायॉसच्या यादीतून सरळ गायब होते. दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे छोटा फोल्डर उघडायलाही मिनिट-मिनिट लागणं.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोज चालत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती दाखवतो; चालत नसेल तर पुढे सांगितलेल्या लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी, फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवरच्या ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमध्ये ती दिसते. हार्ड डिस्कच्या बाबतीत त्यातल्या तीन ओळी बघाव्यात: रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कचा छोटा कप्पा). तिन्हीपुढे शून्य असेल तर उत्तम. आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडा आणि फाइली काढायला लागा.

अनेक व्हिडिओंमध्ये पहिलाच सल्ला ‘चेकडिस्क चालवा’ असा असतो. माझा त्याला विरोध आहे. चेकडिस्क डिस्कवरची नोंदवही जुळवून देतं. नोंदीत न बसणारा फाइलचा तुकडा बाजूला टाकायला ते कचरत नाही. ‘एफ’ किंवा ‘आर’ जोडून ते मरणाऱ्या डिस्कवर चालवलं तर जी फाइल आज अर्धवट वाचली असती तीही हातची जाऊ शकते. आधी नक्कल, मग चेकडिस्क. डिस्क फारच खराब असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे: ते आधी चांगले भाग पटापट उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी परत येतं. ते स्वतः चालवायचं धाडस नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, पण मधल्या वेळात मशीन चालू ठेवू नका.

फाइली बाहेर काढणं

राजेंद्र नगरातल्या एका काकांच्या मशीनवर भर पावसाळ्यात अपडेट चालू होतं, वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी नावापुरतीच होती. वीज आल्यावर फिरणारे ठिपके, मग निळा पडदा, मग पुन्हा ठिपके. काकांचा प्रश्न अगदी रास्त होता: ‘अरे, मशीन चालूच होत नाही, तर फाइली बाहेर येणार कुठून?’

उत्तर असं की विंडोजबरोबर डिस्कवर आणखी एक छोटं विंडोज असतं, फक्त दुरुस्तीपुरतं. मुख्य विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होताना पडलं की ते आपोआप पुढे येतं. न आलं तर ठिपके फिरू लागताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करायचं, आणि हे दोन-तीनदा करायचं. लॉगिनचा पडदा दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करायचं. मग निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘कमांड प्रॉम्प्ट’.

काळी खिडकी उघडली की तिथे नोटपॅड एवढाच शब्द टाइप करून एंटर. साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, मग ओपन. खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ असं लिहिलेलं असतं, तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, नाहीतर फोटो दिसणारच नाहीत. आता समोर जी खिडकी आहे तिच्यात सगळे ड्राइव्ह दिसतात. इथे गोंधळ असा होतो की रोजचा सी ड्राइव्ह या छोट्या विंडोजमध्ये डी किंवा ई म्हणून दिसू शकतो. अक्षरावर जाऊ नका. ज्यात ‘यूजर्स’ आणि त्यात तुमचं नाव सापडेल तो तुमचा. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी करा आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी इथे येत नाही. खिडकी गोठल्यासारखी होते. ती गोठलेली नसते, काम चालू असतं. बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. काका मात्र दर दोन मिनिटांनी ‘अडकलं का रे?’ म्हणत होते. शेवटी फोल्डर उमटले, तेव्हा म्हणाले, ‘म्हणजे नोटपॅड नुसतं लिहायला नसतं तर!’

काळ्या खिडकीची सवय असलेल्यांसाठी तिथेच रोबोकॉपी नावाचं कॉपी करणारं साधन आहे. कोणती फाइल चालली आहे ते ते दाखवत राहतं, आणि एखादी फाइल वाचता आली नाही तरी पुढे जातं. मात्र अशा फाइलवर ते मुळात लाखो वेळा प्रयत्न करत बसतं. म्हणून प्रयत्नांची संख्या आधीच एक-दोनवर आणून ठेवायची.

छोटं विंडोजही येत नसेल तर दुसरी वाट लिनक्सची. दुसऱ्या कुणाच्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची फाइल उतरवा आणि रूफस नावाच्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या. मशीन चालू करताना एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप यांपैकी एक बटण बूटचा मेन्यू दाखवतं. कंपनीगणिक वेगळं असतं. पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स मेमरीतूनच चालतं, डिस्कवर काही लिहीत नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ असं चित्र दिसेल, त्याच्या वाटेला जायचं नाही. फाइल मॅनेजर उघडा, विंडोजचा ड्राइव्ह उघडा, कॉपी करा. ‘या ड्राइव्हवर फक्त वाचता येईल’ अशा अर्थाची सूचना आली तर घाबरू नका. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे बंद केलेलं मशीनही अर्धं झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. आपल्याला वाचायचंच आहे.

तिसरी वाट स्क्रू-ड्रायव्हरची: डिस्क काढून यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे खोक्यात, घालायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. एन्क्लोजर घेताना डिस्कचा फोटो काढून न्या, कारण साटा आणि एनव्हीएमई या दोन प्रकारच्या डिस्कची खोकी वेगळी. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन्ही मिळतात. जोडल्यावर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा’ असं विंडोजने विचारलं तर कॅन्सल. कुणी काहीही म्हणो, कॅन्सल.

या वाटांवर एक गोष्ट लक्षात येते आणि जरा अस्वस्थ करते: विंडोजचा पासवर्ड कुठेच आडवा आला नाही. तो फक्त विंडोजच्या दारावर असतो. डिस्क दुसरीकडून उघडली की सगळं मोकळं, तुम्हाला आणि दुकानदाराला सारखंच.

अपवाद बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाचा. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला याचा पत्ता नसतो. दुरुस्तीच्या पडद्यावर मग ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्या खात्यात जपलेली असते. मेख अशी की लॅपटॉप लावून दिलेला असतो मुलाने, त्याच्या स्वतःच्या खात्याने. म्हणजे किल्ली पुण्यात. त्याला फोन करा, आकडे कागदावर लिहून घ्या. किल्ली कुठेच नसेल तर त्या फाइली दुकानदारही काढू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही. लॅपटॉप चालू असेल तर हे आजच बघून ठेवा.

आता काय काय उचलायचं. ‘माझं सगळं डी मध्ये असतं’ असं सांगणाऱ्यांच्या डेस्कटॉपवर हमखास दोनशे फाइली असतात, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. शिवाय सी आणि डी बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. तेव्हा ‘यूजर्स’मधला तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर घ्या. त्यात ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा लपलेला फोल्डर असतो, ब्राउझरचे बुकमार्क त्यात असतात, तोही घ्या. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) वापरत असाल तर निळ्या ढगाची खूण असलेल्या फाइली डिस्कवर नसतातच, त्या खात्यातून परत येतील. पण खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते आधी बघा. टॅलीवर हिशोब ठेवत असाल तर त्याचा डेटा बरेचदा टॅलीच्याच फोल्डरात असतो, ‘यूजर्स’मधल्या तुमच्या खान्यात नाही. तो शोधून वेगळा घ्या.

आणि फॉन्ट. ही गोष्ट कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडणार नाही, पण आपल्या घरांत सगळ्यात जास्त रडवते. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत, रुळण्याआधी मराठी टाइप केलं ते श्रीलिपीत, हिंदी कृतिदेवमध्ये. त्या फाइलींत खरं तर देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. विंडोज नव्याने टाकलं की ते फॉन्ट जातात आणि आजोबांच्या आठवणींची फाइल उघडल्यावर समोर येतात रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांचा चिवडा. फाइल शाबूत असते, वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही उचलून ठेवा. नंतर हवे ते फॉन्ट उजव्या क्लिकने बसवता येतात.

नक्कल ज्यावर घ्यायची त्याबद्दल दोन शब्द. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, जागा कितीही रिकामी असो. लग्नाचा व्हिडिओ नेमका इथे अडतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवा. आणि रस्त्यावर पाचशे रुपयांत मिळणारा ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह घेऊ नका. तो नकली असतो, फाइलींची नावं दाखवतो आणि आतला मजकूर गिळतो. नक्कल झाली की तीन-चार फोटो आणि एखादी मोठी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

मग दुरुस्ती

फाइली बाहेर आल्या की उरलेलं सोपं आहे, कारण आता भीती नाही. क्रम एवढाच ठेवा: कमीत कमी बदल करणारा उपाय आधी.

सुरुवातीचे उपाय त्याच ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या पडद्यावर आहेत. ‘स्टार्टअप रिपेअर’ बूटच्या फाइली तपासतं. चालवून बघा, फार आशा ठेवू नका. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ जास्त उपयोगी. त्यात क्वालिटी म्हणजे दर महिन्याचं अपडेट, फीचर म्हणजे मोठं. शेवटचं जे आलं ते काढा. काकांचं मशीन इथेच उठलं. ‘सिस्टिम रिस्टोअर’ विंडोजची अवस्था आधीच्या तारखेला नेतं, फोटो-कागदपत्रांना हात लावत नाही. मात्र त्यानंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात. अनेक मशीनवर ही सोय बंदच असते, मग यादी रिकामी दिसते.

‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून ४ दाबलं की सेफ मोड, ५ दाबलं की इंटरनेटसह सेफ मोड. सेफ मोडमध्ये मशीन नीट चालत असेल, तर बहुधा दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नुकत्याच टाकलेल्या प्रोग्रामचा. तो काढून टाका.

मशीन कसंबसं चालू होत असेल पण विचित्र वागत असेल तर दोन आज्ञा आहेत, आणि त्यांचा क्रम बहुतेक जण उलटा करतात. विंडोज स्वतःच्या महत्त्वाच्या फाइलींच्या मूळ प्रती एका कोठारात ठेवतं. एसएफसी ही आज्ञा चालू फाइली तपासते आणि बिघडलेली फाइल कोठारातून आणून बदलते. पण कोठारातलीच प्रत खराब असेल तर? म्हणून आधी डीआयएसएम, जी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून चांगल्या प्रती आणून कोठार दुरुस्त करते. स्टार्टच्या मेन्यूत कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. मग रोमन अक्षरांत डीआयएसएम, त्यानंतर ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द टाइप करा. या प्रत्येक शब्दाआधी एक मोकळी जागा आणि एक तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) द्यायची. काम अधेमधे बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबलेलं दिसतं, थांबू द्या. ते संपल्यावर एसएफसी, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. या दोन्ही आज्ञा तुमच्या फाइलींकडे ढुंकूनही बघत नाहीत.

यानेही भागलं नाही तर माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे विंडोजवरच विंडोज चढवणं. विंडोज ११ मध्ये त्याचं बटणच आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, आणि तिथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट’. विंडोजच्या सगळ्या फाइली नव्या येतात. प्रोग्राम, सेटिंग्ज, फाइली जागच्या जागी राहतात. बटण नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवा, चालू विंडोजमध्येच ती उघडा आणि आतला सेटअप चालवा. ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ असा पर्याय दिसला पाहिजे. तो फिका असेल तर भाषा किंवा आवृत्ती जुळत नाही. तिथेच थांबा आणि जुळणारी फाइल आणा. अट एकच, विंडोज सुरू होत असायला हवं. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर हा पर्याय मिळत नाही.

अशा कामातही नक्कल आधी का, याचं उत्तर ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळालं. विंडोज १० चं १८०९ हे मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या गेल्या. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते त्यांच्या जुन्या जागेला अपडेटने कचरा समजून साफ केलं होतं. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये सुधारून पुन्हा दिलं. अधिकृत साधनही चुकू शकतं.

त्यानंतरची पायरी ‘रिसेट धिस पीसी’. इथे दोन बटणं एकाखाली एक असतात. ‘कीप माय फाइल्स’ तुमच्या नावाचा फोल्डर ठेवतं आणि सगळे प्रोग्राम काढतं. काय काय काढलं त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवून जातं. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ नावाप्रमाणेच वागतं. टॅली आणि फॉन्ट दोन्हींत जातात असं धरूनच चाला. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रीइन्स्टॉल’ असं विचारतं. डिस्कवरच्या फाइली बिघडलेल्या असण्याचाच संशय असेल तर क्लाउड बरं. ४ जीबीहून जास्त डेटा लागतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका.

आणि सगळ्यात शेवटी पेनड्राइव्हवरून नवं विंडोज. तिथेही फॉरमॅट करावाच लागतो असं नाही. ‘कस्टम’ घेऊन जुनाच भाग निवडला आणि फॉरमॅट किंवा डिलीट यांना हात लावला नाही, तर सेटअप आधीचं विंडोज आणि ‘यूजर्स’ उचलून ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. तिथून फोटो काढून घेता येतात, पण लवकर काढा, विंडोज तो फोल्डर काही दिवसांनी स्वतः साफ करू शकतं. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर दुसरीची वायर काढून ठेवा. भागांच्या त्या यादीत सगळ्यांची नावं सारखीच दिसतात.

विंडोज १० वाल्यांना इथे एक निर्णय घ्यावा लागतो. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट नावनोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. एवढा खटाटोप करतोच आहोत तर ११ वर जावं का? टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर मशीनमध्ये असेल तर जा. नसेल आणि कामं ब्राउझर, फोटो, पत्रं एवढीच असतील, तर ज्या लिनक्सच्या पेनड्राइव्हने फाइली वाचवल्या तेच कायमचं टाकायला हरकत नाही. छापखान्याचं काम किंवा टॅली असेल तर मात्र नको.

नव्या विंडोजचे वेगळे पैसे मागितले तर थोडं थांबा. पूर्वी अस्सल, सक्रिय केलेलं विंडोज त्याच मशीनवर असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. सेटअपमध्ये ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा, होम होतं तर होम आणि प्रो होतं तर प्रो घ्या, इंटरनेट जोडलं की ते स्वतः सक्रिय होतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं तसं नाही. त्याचं खातं किंवा किल्ली वेगळी लागते, तेव्हा जुनं काढण्याआधी ते कुठल्या ईमेलवर घेतलं होतं ते लिहून ठेवा.